नाव नसलेलं बटण

अंध माणूस मोबाइल कसा वापरतो, हा प्रश्न आम्हाला लग्नकार्यात, शेजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. काचेचा सपाट पडदा, त्यावर बारीक अक्षरं आणि चित्रं. दिसत नसेल तर त्याचा उपयोग काय, असं कोणालाही वाटेल. उत्तर थोडक्यात देता येतं. फोन बोलतो आणि माणूस ऐकतो. पण फोनने काय बोलायचं, हे कोणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलंच नाही तर काय होतं, त्याबद्दल आम्हाला सांगायचं आहे.

आम्ही दोघी बहिणी, माहेर मिरजेचं. थोरली तिथेच शाळेत शिकवते आणि अम्मी-अब्बांच्या शेजारच्याच घरात राहते. धाकटी पुण्यात एका लहान कंपनीत मोबाइल अॅपचे पडदे आखण्याचं काम करते. कोणतं बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, रंग कोणता असावा, हे ठरवणं तिच्याकडे. अब्बा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला आता सात वर्षं होतील. म्हणजे अॅप तयार कसं होतं ते एकीला रोज दिसतं, आणि न दिसणाऱ्या माणसाच्या हातात पडल्यावर त्याचं काय होतं ते दुसरीला.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत पुष्कळजण गल्लत करतात, म्हणून दोन शब्द. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते ऑपरेशन करून बदलता येतं. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टीची नस खराब होत जाते. आधी कडेचं दिसेनासं होतं, मधलं शाबूत राहतं, दुखत-खुपत नाही, म्हणून माणसाला बराच काळ पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने सांभाळता येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर डोळ्यांतला दाब आणि नस नियमित तपासून घ्यावी. आम्ही दोघी दरवर्षी तपासून घेतो.

आणखी एक गोष्ट. अंध म्हणजे प्रत्येकजण पूर्ण अंधारात असतो असं नाही. अब्बांना खिडकीतला उजेड कळतो, समोर कोणी आडवं गेलं तर सावली कळते. अम्मीला मधुमेह आहे, तिला माणसं दिसतात पण बारीक अक्षर धूसर होतं. दोघांनाही फोन लागतो, पण दोघांची गरज वेगळी. अब्बांना आवाज हवा, अम्मीला मोठं आणि ठळक अक्षर. चांगलं अॅप दोघांचंही काम करतं.

फोन कसा बोलतो

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ साली आल्या. त्या फोनमध्येच असतात, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ते सुरू केलं, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात आला. विकत घ्यायची सॉफ्टवेअर फार महाग होती, म्हणून या दोघांनी आपलं केलं आणि सगळ्यांना फुकट दिलं.

टॉकबॅक सुरू केलं की फोनची रीतच बदलते. बोट ठेवलं म्हणून काम होत नाही, फक्त नाव ऐकू येतं, ‘पैसे पाठवा, बटण’. हवं ते सापडलं की पडद्यावर दोनदा टकटक करायचं, मग ते बटण दाबलं जातं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. अशा रीतीने माणूस अख्खा पडदा कानाने चाचपत जातो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बांचं शिक्षण मराठी शाळेतलं, त्यामुळे त्यांचा फोन मराठीत बोलतो. सवय झाल्यावर त्यांनी आवाजाचा वेग इतका वाढवला आहे की पाहुण्यांना वाटतं फोन बिघडलाय. अब्बांना प्रत्येक शब्द कळतो.

अब्बा हे इतक्या लवकर शिकले याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे असं आम्हाला वाटतं. मशीन येण्याआधी कंडक्टरजवळ तिकिटांची पेटी आणि पंच असायचा. पेटीत प्रत्येक किमतीच्या तिकिटांची जागा ठरलेली. रात्रीच्या गाडीत मंद दिवा, दाटलेली गर्दी, खड्ड्यांचा रस्ता, तरी अब्बांचं बोट नेमकं हव्या त्या तिकिटावर जायचं. पेटीकडे बघावं लागत नसे, कारण जागा बदलत नसे. नोटाही ते बोटांनी ओळखत. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. नोट कोरी असेल तर तो हाताला लागतो, मळली की लागत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी मणी नावाचं अॅप आणलं. नोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायची, फोन किंमत सांगतो, इंटरनेटही लागत नाही. असं अॅप अब्बांसारख्यांसाठीच केलेलं असतं.

पण अब्बांना फक्त अंधांसाठी केलेली अॅप पुरत नाहीत. त्यांना तेच अॅप लागतं जे गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर असतं. बिल भरायचं, गॅस नोंदवायचा, तपासणीचा रिपोर्ट बघायचा, पैसे पाठवायचे. पैसा आता फोनमध्ये गेला आहे, आणि काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. तिच्यावर ना त्रिकोण लागतो ना वर्तुळ. बोटाला कळावं असं तिच्यात काहीच नाही, म्हणून तिला आवाज लागतो, आणि आवाजाला उच्चारायला नाव लागतं.

सहा मुकी बटणं

दीड वर्षापूर्वी अब्बांच्या वापरातल्या पैशांच्या एका अॅपचं नवं रूप आलं. रात्रीत ते आपोआप बदललं. दिसायला पहिल्यापेक्षा देखणं होतं. अक्षरांऐवजी सुबक चित्रं आली होती. सकाळी अब्बांनी सवयीने बोट ठेवलं. आदल्या दिवशीपर्यंत तिथे ‘पैसे पाठवा’, ‘शिल्लक’, ‘मागचे व्यवहार’ असं ऐकू येत होतं. आता फोन म्हणाला, ‘लेबल नसलेलं बटण’. पुढे सरकवलं, ‘लेबल नसलेलं बटण’. सहा बटणं, सहाही बिननावाची. अब्बा हसले आणि म्हणाले, “नामच नै रखे बेटा इसकू.” मग फोन बाजूला ठेवून दिला.

हसले खरे, पण पुढे काय करायचं हे त्यांनाही कळत नव्हतं. मुकं बटण दाबून पाहावं तर त्यातून काय होईल ते माहीत नाही. दिसणारा माणूस अंदाजाने एखादं बटण दाबतो, चुकलं तर मागे येतो. न दिसणाऱ्याला मागे येण्याचं बटण कोणतं हेही कळायला हवं. पैशांचा मामला असताना असे अंदाज करायचे कसे?

शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी सल्ले दिले. नातवाला पिन सांगा, तो करून देईल. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराला सांगा, तो भला आहे. अब्बांनी एकालाही होकार दिला नाही. ड्यूटीवर असताना पैशांची बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. बॅगेतला हिशोब ज्याच्या नावावर, बॅग त्याच्याच खांद्यावर. रिक्षा करून ते शाखेत गेले तर तिथे सांगण्यात आलं, पुढच्या वेळी सोबत कोणाला तरी घेऊन या. ज्या माणसाने मुक्कामाच्या गाडीत रात्र-रात्र एकट्याने हिशोब सांभाळला, त्याला आपल्याच पैशांसाठी सोबतीची गरज पडली.

पिनच्या पलीकडेही एक गोष्ट होती, ती आम्हाला नंतर उमगली. अब्बा दर महिन्याला कोणाला तरी काही रक्कम देतात, एवढंच अम्मीला माहीत आहे. कोणाला आणि किती, हे तिलाही माहीत नाही. नजर होती तेव्हा लिफाफा घेऊन सायकलवर जायचे. नजर गेल्यावर फोनवरून पाठवू लागले. द्यावं ते असं की या हाताचं त्या हाताला कळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यात देणाऱ्याच्या नियतीचा प्रश्न आहेच, पण घेणाऱ्याच्या अब्रूचाही आहे. अडचणीतल्या माणसाचं नाव झाकलेलं राहावं, हा त्याचा हक्क आहे. बटणं मुकी झाली आणि अब्बांपुढे प्रश्न उभा राहिला. ते नाव तिसऱ्या माणसाला सांगायचं, की महिना चुकवायचा? त्या काळात त्यांनी काय केलं, हे आम्ही विचारलं नाही.

हे सगळं मदतीने सुटेल, असं लोकांना वाटतं. आमच्या घरात मदत करणाऱ्यांची कमतरता नाही, अल्हम्दुलिल्लाह. मुली आहेत, जावई आहेत, नातवंडं आहेत. पण मदत करणारा कितीही जवळचा असला, तरी त्याला सगळं दिसतं. शिल्लक किती, पैसे कोणाला गेले, डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये काय आहे, जुन्या मित्राने काय लिहिलंय. जे दिसणाऱ्या माणसाला आपसूक मिळतं, ते खासगीपण अंध माणसाला दर वेळी थोडं-थोडं देऊन टाकावं लागतं. बटणाला नाव दिलं की ते त्याच्याकडे राहतं.

आम्ही त्या अॅपवाल्यांना पत्र लिहिलं. रागाचं नव्हे, कामाचं. फोन कोणता, अॅपची आवृत्ती कोणती, कोणत्या पडद्यावर कितवं बटण, तिथे काय ऐकू येतं आणि काय ऐकू यायला हवं, असा सगळा तक्ता दिला. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रानंतर एका मुलाचा फोन आला. त्याने अर्धा तास अब्बांशीच बोलून घेतलं. साधारण दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती आली आणि सहाही बटणं बोलू लागली. त्या वर्षी ईदीचे पैसे अब्बांनी कोल्हापूरला कॉलेजात असलेल्या नातीला स्वतःच्या हाताने पाठवले.

नाव देणं म्हणजे काय

हे काम किती अवघड आहे, असं विचाराल तर धाकटीच्या टेबलावरून उत्तर देता येईल. घराचं चित्र काढलं की दिसणाऱ्याला ‘मुख्य पान’ असं कळतं. फोनच्या लेखी ते चित्र म्हणजे नुसते ठिपके. अॅप लिहिणाऱ्याने त्या चित्राच्या मागे दोन शब्द लिहून ठेवले की फोन ते उच्चारतो. हे शब्द पडद्यावर दिसत नाहीत, जागा अडवत नाहीत, देखणेपण बिघडवत नाहीत. अॅप बनत असतानाच लिहिले तर एका बटणाला मिनिटभरही लागत नाही. अॅप बाजारात गेल्यावर शेकडो पडदे उघडून लिहायचे म्हटलं, तर मात्र महिने जातात. घर बांधताना पायरीशेजारी उतार करून घेणं आणि राहायला गेल्यावर ओटा फोडून करणं, यात जेवढा फरक, तेवढाच.

नावाशिवाय आणखीही काही गोष्टी लागतात. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ पासून त्यांची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांची २.२ ही आवृत्ती आली. त्यातली घरगुती भाषेत सांगता येतील अशी काही:

रंगावर एकट्यावर भिस्त नको. चुकलेला रकाना नुसता लाल करून भागत नाही, ‘मोबाइल नंबर अपुरा आहे’ असं शब्दांत यायला हवं आणि ते फोनने बोलायला हवं.

अक्षर आणि त्यामागचा रंग यांत पुरेसा फरक हवा. त्याचं मोजमाप आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ लागतं, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर हल्ली फार आवडतं लोकांना, पण अम्मीच्या डोळ्यांना ते कोरंच दिसतं.

अक्षर दुप्पट मोठं केलं तरी मजकूर कापला जाऊ नये, बटणं एकमेकांवर चढू नयेत.

क्रम सरळ हवा. आधी रक्कम, मग नाव, मग ‘पाठवा’. पडद्यावर नीट मांडलेलं दिसतं, पण आतला क्रम उलटसुलट असेल तर ऐकणारा आधी ‘पाठवा’ ऐकतो आणि मग कोणाला ते.

वेळेची घाई नको. ओटीपी ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत अॅपमध्ये येऊन टाकायचा, याला दिसणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा, तर आम्ही तुम्हाला माणूस मानू, असली चित्रकोडी असतील तर सोबत ऐकण्याचा किंवा दुसरा पर्याय हवा.

यातलं काहीही फक्त अंधांच्या कामाचं नाही. उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्याला ठळक अक्षर हवंच असतं. पोळ्या लाटताना हात पिठात असलेल्या बाईला बोलणारा फोन बराच पडतो. मोठं बटण म्हाताऱ्या थरथरत्या बोटाला सोयीचं असतं.

तरीही बैठकीत एक प्रश्न येतोच. आपले असे ग्राहक आहेतच किती? धाकटीने हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर तयार असतं. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्या व्यक्ती पन्नास लाखांहून जास्त मोजल्या गेल्या. नजर कमी होत चाललेले, पण कुठेच नोंद न झालेले अम्मीसारखे लोक वेगळेच. आणि ज्या अॅपची बटणंच बोलत नाहीत, तिथे अंध ग्राहक दिसणार कसा? दाराला कुलूप लावायचं आणि आत कोणीच येत नाही म्हणायचं, असा तो हिशोब आहे.

बोलून पटत नसेल तर दाखवावं लागतं. पडदा काळा ठेवून टॉकबॅक चालवता येतं. बैठकीतल्या माणसाच्या हातात तसा फोन देऊन सांगायचं, शंभर रुपये पाठवून दाखवा. त्यानंतर वाद फारसा होत नाही. पण खरी तपासणी दिसणाऱ्याने दहा मिनिटं डोळे मिटून होत नाही. ती रोज कानाने फोन वापरणाऱ्याकडून करून घ्यावी, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.

पहाट कोणी सांगायची

याबद्दल बोलताना आम्हाला हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची आठवण येते. ते अंध होते, हे सूरह अबसच्या निमित्ताने आपल्या घरांतून सगळ्यांना ठाऊक आहे. ते मदीनेत अजान देत, हेही ठाऊक आहे. रमजानमध्ये हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच होई, आणि इब्ने उम्मे मकतूम यांची अजान झाली की खाणं-पिणं थांबे. म्हणजे सगळ्या वस्तीचा रोजा त्यांच्या आवाजावर सुरू होई. आता पहाट तर त्यांना दिसत नव्हती. मग लोक त्यांना सांगत, की उजाडलं, आणि ते अजान देत. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेबाहेर असताना तिथली जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली होती.

यात आम्हाला दिसतं ते असं. पहाट दिसत नाही म्हणून अजानची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेतली गेली नाही. पहाट झाल्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचत राहिली. काम त्यांचंच राहिलं, फक्त एक शब्द वेळेवर सांगणारं कोणीतरी होतं. अॅपमध्ये बटणाला नाव लिहिणारा तरुण तेवढंच तर करतो.

आणि ही गोष्ट आपल्याच लोकांनी विसरू नये. नमाजच्या वेळा सांगणारं एक अॅप आम्ही अब्बांच्या फोनवर घातलं, तर पाचही वेळा त्यात चित्र म्हणून दिलेल्या. फोन म्हणतो, ‘चित्र’. कुरआनची तिलावत ऐकवणाऱ्या दुसऱ्या एका अॅपमध्ये सूरहची नावं नीट ऐकू येतात, पण थांबवायचं बटण बिननावाचं. दोन्हीकडे आम्ही लिहिलं आहे. एकाने दुरुस्त केलं, दुसऱ्याची वाट बघतोय.

हक्क आहे, मेहरबानी नाही

कायदा काय म्हणतो, हे माहीत असलं की बोलायला बळ येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. माहिती आणि संपर्काची साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, हे त्यात आहे, आणि ते सरकारी कचेऱ्यांपुरतं नाही. सेवा देणाऱ्या खासगी संस्थाही त्यात येतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायदा जे बंधनकारक करतो, ते नियमांमध्ये नुसत्या शिफारशीसारखं ठेवता येणार नाही. सक्तीचे निकष ठरवायला सरकारला तीन महिने दिले.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल. बँकेचं खातं किंवा सिमकार्ड घेताना मोबाइलसमोर चेहरा धरा आणि डोळ्यांची उघडझाप करा, असं सांगितलं जातं. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून व इतर, तसंच अमर जैन हे अंध वकील, यांनी याविरुद्ध दाद मागितली. ज्याला चेहरा चौकटीत आलाय की नाही हे दिसत नाही, ज्याच्या पापण्याच राहिल्या नाहीत, त्याने जिवंत असल्याचा पुरावा कसा द्यायचा? न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. डोळ्यांच्या उघडझापीला पर्याय द्या, हा त्यांतला एक.

म्हणून तक्रार करताना हात जोडायची गरज नाही. आपल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. अॅपवाल्यांनी लक्ष दिलं नाही तर तिथे लेखी तक्रार करता येते.

आपल्या घरातून काय करता येईल

तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल, आम्ही कुठे अॅप बनवतो? पण रोज व्हॉट्सअॅपवर आपण जे पाठवतो, तेही कोणाच्या तरी फोनला वाचावं लागतं. निकाहची पत्रिका चित्र म्हणून येते. रमजानमध्ये सहरी-इफ्तारचं वेळापत्रक चित्र म्हणून येतं. मय्यतीची खबर, जनाजाची वेळसुद्धा कित्येकदा फोटोवर लिहून येते. अब्बांचा फोन म्हणतो, ‘फोटो’. कोण गेलं, ते कळायला त्यांना कोणाला तरी हाक मारावी लागते. चित्र जरूर पाठवा, खाली चार ओळी टाइप करून पाठवा. कोणाचं लग्न, कुठे, कधी. एवढंच.

मशिदीची, जमातीची, शाळेची पत्रकं युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण फोनला तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाटतो आणि तो तसाच वाचतो. कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफही बऱ्याचदा मुकी असते.

घरात कोणाची नजर कमी होत असेल, तर ती पूर्ण जाण्याची वाट पाहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करा, टॉकबॅक दाखवून ठेवा. थोडं दिसत असताना शिकलेलं हाताला बसतं. पहिले काही दिवस चिडचिड होते. घरच्यांनी फोन हातातून ओढून घेऊ नये, शेजारी बसावं.

आणि घरात कॉम्प्युटर शिकणारी मुलं-मुली असतील, तर त्यांना सांगा की गूगलचं अॅक्सेसिबिलिटी स्कॅनर नावाचं अॅप फुकट मिळतं. आपण बनवलेल्या पडद्यावर कोणतं बटण बिननावाचं आहे, कुठे रंग फिकट आहे, कुठे बटण फार लहान आहे, ते हे अॅप दाखवून देतं. कॉलेजच्या पहिल्या प्रोजेक्टपासून ही सवय लागली, तर पुढे नोकरीत कोणी वेगळं सांगायची वेळ येणार नाही.

फोनवरचं एखादं अॅप अडलं तर त्याच्या मालकांना लिहा. कुठे अडलं, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं, असं तीन ओळींत नेमकं लिहा, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. दुसऱ्या बाजूला बसून ती पत्रं वाचणारी माणसं असतात. त्यांतली एक आमच्याच घरात आहे, आणि ती सांगते की अशी नेमकी पत्रं फार थोडी येतात, आणि आलेली सहसा वाया जात नाहीत.